स्पॅनिशनंतर पुढची कोणती? पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच की आणखी काही

परळ_टीटी
सोमवार, रात्री १०.१२

स्पॅनिशची डेले बी-२ (प्रमाणपत्र परीक्षा, ए-१ ते सी-२ मधली चौथी पातळी) झाली आहे. काम औषध निर्यातीचं: पेरू, चिली, कोलंबिया इथल्या नोंदणीची कागदपत्रं. आता दुसरी रोमान्स भाषा, म्हणजे लॅटिनमधून आलेली, हाती घ्यायची आहे. वेळ मोजकाच: लोकलमध्ये रोज पाऊण तास आणि रविवारी दोन तास. स्पॅनिश गंजता कामा नये, ही अट.

कोणती भाषा लवकर हाती लागेल, कोणती मुंबईत बसून उपयोगी पडेल आणि दोन्हींची खिचडी कशी टाळायची, एवढं सांगा. ‘आवडेल ती शिका’ हे उत्तर कृपया नको. सगळ्याच आवडतात, म्हणूनच अडलंय.

---

वसईकर
सोमवार, रात्री १०.५१

पोर्तुगीज. तुमच्या कामात लॅटिन अमेरिकेची सगळ्यात मोठी औषध बाजारपेठ म्हणजे ब्राझील, आणि तिथे स्पॅनिश चालत नाही. आन्व्हिसा हा तिथला नियामक. लेबल आणि माहितीपत्रक पोर्तुगीजमध्येच लागतं.

शब्दसंग्रहाचं साम्य मोजणारे एथ्नोलॉगचे (जगातल्या भाषांची सूची) आकडे नेहमी दिले जातात. स्पॅनिशशी पोर्तुगीज ०.८९, कातालान ०.८५, इटालियन ०.८२, फ्रेंच ०.७५, रोमानियन ०.७१. पण नुसत्या आकड्यापेक्षा शब्द कसे बदलतात त्याचे ठोकताळे जास्त कामाचे. पाच सांगतो, उच्चार ब्राझीलचे:

स्पॅनिश शब्दाच्या मधला ‘च’ पोर्तुगीजमध्ये ‘इत’ होतो. नोचे–नोइची (रात्र), लेचे–लेइची (दूध), ओचो–ओइतु (आठ). पहिल्या दोघांत लिहायचं ‘ते’, पण ब्राझीलमध्ये ते ‘ची’ ऐकू येतं.

शब्दारंभी दोन ‘ल’ लिहून ‘य’ म्हणतात तिथे पोर्तुगीजमध्ये ‘श’. यावे–शावी (चावी), युविया–शुवा (पाऊस), येनो–शेयु (भरलेला).

स्पॅनिशमध्ये मुका झालेला ‘ह’ इथे ‘फ’ म्हणून जिवंत आहे. आब्लार–फालार (बोलणे), आसेर–फाझेर (करणे), आरिना–फारिन्या (पीठ).

‘उए’ आणि ‘इए’ फुटत नाहीत. पुएर्ता–पोर्ता, फुएगो–फोगु, तिएर्रा–तेहा. (दोन ‘र’ लागून आले किंवा शब्दाच्या सुरुवातीला ‘र’ आला की ब्राझीलमध्ये ‘ह’. रिओ दी जानेरोतलं रिओ तिथे ‘हिऊ’ असतं.)

पाचवा ठोकताळा मजेदार आहे: लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधे असलेले ‘ल’ आणि ‘न’ गळून जातात. लुना–लुआ (चंद्र), सालिर–साइर (बाहेर जाणे), कोलोर–कोर (रंग). आणि पान–पाउँ, म्हणजे आपला पाव. स्पॅनिशांनी वसई घेतली असती तर आपण वडापान खात असतो.

अवांतर: पोर्तुगीजमधला आजचा ‘शावी’ सोळाव्या शतकात ‘च’नेच उच्चारला जायचा. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याकडे होती. त्या काळात उचललेला ‘च’ मराठीने चावीत जपला, लिस्बनने सोडून दिला.

---

बारीक_अक्षर
सोमवार, रात्री ११.३०

वसईकरांना अनुमोदन, पण त्यांनी फक्त गोड बाजू सांगितली. पंधरा दिवसांत वाचता येतं हे खरं, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो, कारण वाचणाऱ्याला आपण चुकतोय हे कळतच नाही. मोठे शब्द ओळखीचे निघतात. दगा देतात ते एक-दोन अक्षरांचे.

लेखी पोर्तुगीजमध्ये ‘एन’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं जोडून दिसली की स्पॅनिश डोळा ‘नाही’ वाचतो. तिथे त्याचा अर्थ ‘मध्ये’ असा आहे, ‘एं’ आणि ‘ओ’ यांचा संधी. ‘नु लोची’ म्हणजे ‘बॅचमध्ये’. नकार वेगळा: ‘नाउँ’. तसंच एकटा ‘ओ’ स्पॅनिशमध्ये ‘किंवा’, पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी आर्टिकल, इंग्रजी ‘द’सारखं. ‘किंवा’साठी ‘ओउ’. मात्रेच्या तक्त्यात ‘गोळी’ला ‘किंवा गोळी’ वाचलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

नोंदणीच्या कामात हमखास फसवणारे:

कोन्तेस्तार: स्पॅनिशमध्ये उत्तर देणे, पोर्तुगीजमध्ये आक्षेप घेणे. उत्तर देणे म्हणजे हेस्पोन्देर.
तोदाविया: स्पॅनिशमध्ये ‘अजून’, पोर्तुगीजमध्ये ‘तरीसुद्धा, मात्र’. ‘अजून’साठी आइंदा.
ओफिसिना: तिकडे कचेरी, इकडे कारखान्यातली वर्कशॉप. कचेरी म्हणजे एस्क्रितोरियु, आणि तोच शब्द स्पॅनिशमध्ये टेबल.
लार्गो: तिकडे लांब, इकडे रुंद. पेटीची मापं लिहिताना जपून.
बोहाशा: पोर्तुगीजमध्ये रबर. कुपीच्या रबरी बुचाचा उल्लेख करताना लागतोच. स्पॅनिशमध्ये असाच लिहिला जाणारा शब्द म्हणजे दारू प्यालेली बाई.
प्रोपीना: स्पॅनिशमध्ये वेटरची टिप, ब्राझीलमध्ये लाच, पोर्तुगालमध्ये कॉलेजची फी. एका शब्दात तीन देशांचा संसार.

कागदावरचे शब्दही आत्ताच लिहून ठेवा. माहितीपत्रक ब्राझीलमध्ये ‘बुला’, पोर्तुगालमध्ये ‘फोल्येतु इन्फोर्मातिवु’. सिरप ‘शारोपी’, स्पॅनिशचं खाराबे. तारीख ‘दाता’, फेचा नव्हे. मुदत ‘प्राझु’, म्हणजे प्लासोच, फक्त ‘ल’च्या जागी ‘र’. हा बदलही पुष्कळ ठिकाणी भेटतो: ब्लांको–ब्रांकु, प्लाया–प्राया, ओब्लिगादो–ओब्रिगादु.

---

गोखले_रोड_उत्तर
मंगळवार, सकाळी ८.०५

सगळे पोर्तुगीजच्या मागे लागलेत म्हणून फ्रेंचची बाजू मांडतो.

मुंबईत बसून शिकायचं तर फ्रेंचइतकी सोय दुसऱ्या कुठल्याच रोमान्स भाषेची नाही. न्यू मरीन लाइन्सला अलियॉन्स फ्रॉन्सेज आहे, कलिन्याला विद्यापीठाचा फ्रेंच विभाग आहे, कनिष्ठ महाविद्यालयांत विषय आहे, त्यामुळे शिकवणारे गल्लोगल्ली सापडतात. पोर्तुगीजचे वर्ग त्या मानाने फारच कमी. चांगली सोय गोव्यात आहे, पणजीत फुंदासांव ओरिएंत आणि गोवा विद्यापीठ. इथे राहून बहुधा ऑनलाइनच करावं लागेल. शिवाय पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांना औषधं जातात तिथे माहितीपत्रक फ्रेंचच लागतं, हे परळ_टीटींना ठाऊक असेलच.

कॅनडाचा विचार असेल त्यांच्यासाठी: एक्स्प्रेस एंट्रीत (स्थलांतराची गुणांवर चालणारी पद्धत) फ्रेंचच्या चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (कॅनडाची फ्रेंच मोजायची पातळी) आणि सोबत इंग्रजी सीएलबी ५ (तशीच इंग्रजीची) किंवा वर असेल तर ५० जादा गुण, इंग्रजी त्याखाली असेल तर २५. परीक्षा टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा, निकाल २ वर्षं चालतो. डेल्फ, म्हणजे फ्रेंचचं नेहमीचं प्रमाणपत्र, आयुष्यभर चालतं, पण या कामाला चालत नाही. डेल्फ बी-२ काढून मग हे समजतं अशांची संख्या कमी नाही. अर्ज भरायच्या दिवशी नियम पुन्हा तपासा.

आता दुखणं. स्पॅनिशवाल्याला फ्रेंच वाचता येतं, ऐकता येत नाही. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लान हे चारही कानाला वेगळे. फ्रेंचमध्ये ‘मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात’ या चारही ठिकाणी क्रियापद एकच ऐकू येतं: पार्ल. म्हणून सर्वनाम गाळता येत नाही. स्पॅनिशच्या सवयीने गाळलं तर कोण बोलतंय हेच कळत नाही. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ जातो. त्यातून शेवटची व्यंजनं मुकी, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तीच मुकी व्यंजनं जिवंत होतात: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’. शब्द कुठे संपला हे शोधण्यात पहिले तीन-चार महिने जातात.

‘तू’ म्हणताना ‘ऊ’ नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. घशातल्या ‘र’साठी मात्र स्पॅनिशचा ‘खोता’ (त्यांचं ‘जे’ अक्षर) कामी येतो. तोच खरखरीत ‘ख’ हलका करून आवाज जोडा.

---

तिसरी_सीट
मंगळवार, सकाळी ८.४७

आणि ९७ म्हणजे चार-वीसा-दहा-सात. नको रे बाबा.

---

गोखले_रोड_उत्तर
मंगळवार, सकाळी ८.५८

‘एकोणऐंशी’ म्हणणाऱ्यांनी तक्रार करू नये. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचमध्ये ७० ला सेप्ताँत आणि ९० ला नोनाँत आहे, हवं तर ते बोला. समजतं सगळ्यांना.

---

मात्रा_वेलांटी
मंगळवार, दुपारी १.२०

इटालियन अजून कोणीच घेतली नाही म्हणून.

मराठी माणसाला सगळ्यात कमी त्रास देणारी रोमान्स भाषा इटालियन, आणि त्याला स्पॅनिशपेक्षा मराठी जास्त कारणीभूत आहे.

उच्चार: त्यांचा ‘झेड’ म्हणजे आपला चमच्यातला ‘च’, काही शब्दांत ‘जरा’मधला ‘ज’. पित्सा, ग्रात्सिये, द्झेरो. इंग्रजी माध्यमातून आलेला माणूस इथे अडखळतो, मराठी माणूस नाही. जोडव्यंजनं: पाला म्हणजे फावडं, पाल्ला म्हणजे चेंडू, नोनो नववा, नोन्नो आजोबा. ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे म्हणता येतात त्याला हे शिकवावं लागत नाही. स्पॅनिशमध्ये ही भानगड नसल्याने जीभ आळसावलेली असते, तेवढी झटका. वर्षाला ‘आन्नो’ म्हणतात. वय सांगताना एकच ‘न’ म्हटलात तर समोरचा हसतो, कारण तो अवयव वेगळा.

‘मला आवडतं’: स्पॅनिश मे गुस्ता, इटालियन मी पियाचे. रचना मराठीसारखीच, आवडणारी वस्तू कर्ता. पोर्तुगीजमध्ये ही घडी मोडते. ‘एउ गोस्तु जि’, म्हणजे ‘मी’ कर्ता आणि पुढे ‘जि’ हे शब्दयोगी सक्तीचं. स्पॅनिशवाले ते हमखास विसरतात.

भूतकाळ: स्पॅनिशमध्ये सगळं ‘आबेर’ या सहायक क्रियापदावर चालतं, ए इदो (गेलोय), ए कोमिदो (खाल्लंय). इटालियनमध्ये जाणे, येणे, होणे या गटाला ‘असणे’ लागतं आणि कृदंत कर्त्याप्रमाणे बदलतं: पुरुष म्हणतो सोनो आन्दातो, बाई म्हणते सोनो आन्दाता. म्हणजे गेलो, गेले. आणि कर्म सर्वनाम होऊन आधी आलं की कृदंत कर्माप्रमाणे: ‘भाकरी? खाल्ली’, ‘भात? खाल्ला’ तसं लो मान्जाता, लो मान्जातो. स्पॅनिश शिकताना हे विसरायला लावलं होतं. आता मराठीतून परत काढा.

अडचणी आहेतच. आर्टिकलं सात, इल, लो, ल, ला, ई, ल्यी, ले. अनेकवचनाला ‘स’ नाही, स्वर बदलतो. ‘ची’ आणि ‘ने’ ही दोन सर्वनामं स्पॅनिशमध्ये नाहीतच. ‘पाच हवेत’ म्हणताना ‘ने’ हवाच: ने वोल्यो चिंक्वे, ‘त्यातले पाच हवेत’. आणि ‘मला वाटतं की’नंतर स्पॅनिश साधं क्रियापद घेतं, पिएन्सो के एस; इटालियनला तिथे सबजंक्टिव्ह (शंका, इच्छा, अट दाखवणारं क्रियापदाचं रूप) लागतो, पेन्सो के सीया.

फसवे शब्द: बुर्रो लोणी (स्पॅनिशमध्ये एकाच ‘र’चा बुरो म्हणजे गाढव), गाम्बा पाय (कोळंबी नव्हे), ग्वार्दारे बघणे (ठेवणे नव्हे). सालीरे म्हणजे चढणे, स्पॅनिश सालिर म्हणजे बाहेर पडणे. दादरला गर्दीत गोंधळ घालायला हा एकच शब्द पुरे.

उपयोग? औषध पॅकिंगच्या यंत्रांसाठी बोलोन्याचा भाग प्रसिद्ध आहे, त्यामुळे कारखान्याच्या बाजूला काम असेल तर आहे. निर्यातीच्या टेबलावर नाही. परीक्षा चिल्स, चेली, प्लिदा यातली कुठलीही.

---

वसईकर
मंगळवार, रात्री ९.१५

मात्राताई, ‘मी गेलो, मी गेले’ची जोडणी सुंदर. फ्रेंचलाही हीच लागू पडते, फक्त तिथे ते बदल बहुतेक वेळा लिहायचे असतात, ऐकू येत नाहीत.

---

उलटी_वेलांटी
मंगळवार, रात्री ९.४४

रोमानियन आणि कातालान राहिल्या, थोडक्यात उरकतो.

रोमानियनला तीन लिंगं. ऐकून मराठी माणूस खूश होतो, पण तिथलं नपुंसकलिंग म्हणजे एकवचनात पुल्लिंग आणि अनेकवचनात स्त्रीलिंग. आर्टिकल शब्दाच्या शेपटीला चिकटतं: ओम माणूस, ओमुल तो माणूस. विभक्ती आहेत. घरी, घरात, घराचा म्हणणाऱ्याला त्यात परकं काही वाटू नये, पण स्पॅनिशचा फायदा इथे संपतो. ‘होय’ला ‘दा’, मित्राला ‘प्रिएतेन’, म्हणजे स्लाव्ह शेजाऱ्यांचे शब्द. वसईकरांचा पहिला ठोकताळा इथे वेगळं रूप घेतो: नोआप्ते, लाप्ते, ओप्त.

कातालानचा एकच धोका सांगतो, ‘वाच अना’. स्पॅनिश कानाला ‘मी जाणार आहे’ वाटतं, अर्थ ‘मी गेलो’. बार्सेलोनात राहायला जाणार नसाल तर पहिली पसंती नको. जायचं असेल तर दुसरी कुठलीच नको.

---

परळ_टीटी
बुधवार, सकाळी ७.३०

सर्वांचे आभार. वाचनखूण साठवली. मन पोर्तुगीजकडे झुकतंय, पण बारीक_अक्षर यांचा प्रतिसाद वाचून धडकी भरली. फ्रेंच लांबची आहे म्हणून उलट मिसळण्याचा धोका कमी, असं असेल तर तीच आधी घ्यावी का?

---

गोखले_रोड_उत्तर
बुधवार, सकाळी ८.१०

हो. जवळच्या भाषा एकमेकींच्या जागेवर बसतात. फ्रेंच स्वतःची खुर्ची घेऊन येते.

---

बारीक_अक्षर
बुधवार, दुपारी २.०५

वाक्य छान आहे, सल्ला अर्धा बरोबर. स्पॅनिश बी-१ वर अडकलेल्याने पोर्तुगीज घेऊ नये. त्याची स्पॅनिश महिनाभरात पोर्तुन्योल, म्हणजे दोन्हींची खिचडी, होते आणि दोन्हीकडची निम्मी हाती राहते. पण बी-२ पक्कं असेल तर जवळीक हा फायदाच आहे. पक्कं आहे का, ते प्रमाणपत्रावर ठरवू नका. कालची कुठलीही बातमी दहा मिनिटं न थांबता स्पॅनिशमध्ये सांगा आणि रेकॉर्ड करा. ‘तुविएरा’, ‘उबिएरा’ (‘असतं तर’सारखी रूपं) विचार न करता येत असतील, पोर आणि पारा (दोन्ही ‘साठी’च्या जवळचे) चुकत नसतील, तर सुरू करा. नसेल तर तीन महिने स्पॅनिशलाच द्या.

मिसळ टाळण्यासाठी:

शब्दांची कार्डं स्पॅनिश–पोर्तुगीज करू नका. पुढे मराठी, मागे पोर्तुगीज. स्पॅनिश पुढे ठेवलंत की प्रत्येक वेळी आधी स्पॅनिश शब्द उजळतो आणि तुम्ही त्यालाच घोटत बसता.

नाम कधी एकटं लिहू नका, आर्टिकलसकट लिहा, कारण लिंगं उलटतात. दूध, मीठ, मध, रक्त, नाक हे पाचही स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी: ऊ लेइची, ऊ साउ, ऊ मेउ, ऊ सांगी, ऊ नारीस. झाड, रंग, वेदना, प्रवास हे चार उलटे. एकट्या प्रवासावरून एक अख्खा गटच सुटतो: स्पॅनिशमध्ये ‘आखे’ने संपणारे पुल्लिंगी शब्द पोर्तुगीजमध्ये ‘आझेंय’ होतात आणि स्त्रीलिंगी होतात.

पहिले सहा आठवडे दोन्ही भाषा एका दिवशी बोलू नका. सोमवार ते गुरुवार पोर्तुगीज, शुक्रवार फक्त स्पॅनिश. ऑफिसात स्पॅनिश अटळ असेल तर पोर्तुगीज सकाळच्या गाडीत उरका, म्हणजे मधे थोडी हवा राहील.

स्पॅनिशला आठवड्याला किमान दोन तास, त्यातला एक बोलण्याचा. गंज आधी छोट्या शब्दांना चढतो: ‘मुय’च्या जागी ‘मुइंतु’, ‘सिन’च्या जागी ‘सेंय’, ‘आस्ता’च्या जागी ‘आते’. हे सुरू झालं की पोर्तुगीज आठवडाभर बंद करा.

तीन महिन्यांनंतर मात्र उलटं करायचं: आठवड्याला दहा वाक्यं स्पॅनिशमधून पोर्तुगीजमध्ये आणि परत. आधी भिंत घातली, आता तिच्यात दार काढायचं. हे पहिल्या महिन्यात केलं तर भिंतच उभी राहत नाही.

---

वसईकर
बुधवार, रात्री १०.२२

उच्चाराबद्दल भर घालतो, ऐकण्याची अडचण तिथेच आहे.

स्पॅनिशला स्वर पाच. पोर्तुगीजला ठाशीव (जोर पडणारे) सात आणि वर अनुनासिक वेगळे. ‘ओ’ दोन प्रकारचे: आवो म्हणजे आजोबा, आवॉ म्हणजे आजी. बोल आणि बॉल वेगळे म्हणता ना, तेवढंच. अनुनासिकं शब्दाच्या शेवटी पूर्ण नाकात न्या. पाउँ म्हणजे पाव. नाकातून आलं नाही तर पाउ, म्हणजे लाकूड, आणि बाजारू बोलीत त्याहून वाईट.

दुसरं, पहिल्या दिवशीच ठरवा: ब्राझील की पोर्तुगाल. ब्राझीलवाले स्वर मोकळे सोडतात, ‘दि’ आणि ‘ति’चे ‘जि’ आणि ‘चि’ करतात, शेवटच्या ‘ल’चा ‘उ’ करतात: ब्राझिउ. लिस्बनवाले ठाशीव नसलेले स्वर गिळतात आणि शेवटच्या ‘स’चा ‘श’ करतात, त्यामुळे टेलिफोनचा ‘त्लफॉन’ होतो. अंगोला आणि मोझांबिकचा लेखी नमुना पोर्तुगालचा. मशीद बंदरला तूरडाळीच्या धंद्यात असाल, मोझांबिकशी पत्रव्यवहार असेल, तर पोर्तुगालचीच शिका. परळ_टीटींनी ब्राझीलची.

परीक्षाही त्यावरच ठरते. पोर्तुगालच्या काप्लेत प्रत्येक पातळीची वेगळी परीक्षा, ए-२ ची सिप्ले, बी-१ ची देप्ले, बी-२ ची दिप्ले, पुढे दाप्ले आणि दुप्ले. ब्राझीलची सेल्पि-ब्रास एकच: तीन तासांत चार लेखी कामं, त्यातली काही आधी चित्रफीत किंवा ध्वनिफीत देऊन, आणि २० मिनिटांची तोंडी. व्याकरणाचे सुटे प्रश्न नाहीत. कोणाला, कशासाठी लिहिताय ते जमलं की नाही, हे बघतात. तक्ते पाठ करून जाणारे तिथे गडगडतात.

---

तिसरी_सीट
गुरुवार, सकाळी ८.५०

कोर्लईला पोर्तुगीज बोलतात म्हणे. रविवारी तिथे जाऊन सराव करावा का? (गंभीर प्रश्न.)

---

वसईकर
गुरुवार, सकाळी ९.३५

नको. चौलजवळच्या कोर्लईची बोली ही क्रिओल, म्हणजे दोन भाषांच्या मिश्रणातून तयार झालेली, आहे. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. तिचे बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. ऐकायला अप्रतिम, पण आन्व्हिसाला तसं लिहू नका. आणि सरावाचं सामान म्हणून कोणाच्या गावात जाऊ नये.

---

परळ_टीटी
गुरुवार, रात्री ११.०२

ठरलं. ब्राझीलची पोर्तुगीज. दहा मिनिटांची बातमी रेकॉर्ड केली, ‘उबिएरा’ येतंय, एका ठिकाणी ‘पोर’ चुकलं. व्याकरणात सुरुवात कुठून करू? स्पॅनिशमध्ये जे आहे ते पुन्हा शिकायचं नाही.

---

बारीक_अक्षर
शुक्रवार, दुपारी १.४०

एक ‘पोर’ माफ. मग फक्त फरक शिका. चार आहेत.

एक, संधी. एं, जि, पोर, आ यांच्यापुढे आर्टिकल आलं की जोडलं जातं: नु, ना, दु, दा, पेलु, पेला. वीस-पंचवीस रूपं आहेत, दोन आठवड्यांत पाठ होतात, आणि ती होईपर्यंत कुठलंही खरं कागदपत्र वाचून त्यावर निर्णय घेऊ नका.

दोन, भविष्य सबजंक्टिव्ह. स्पॅनिशमध्ये हा कायद्याच्या भाषेत ‘इसिएरे’ म्हणून पुरला गेला आहे, पोर्तुगीजमध्ये रोज बोलतात. ‘आलं की’, ‘लागलं तर’ म्हणताना ‘क्वांदु’ आणि ‘सी’ यांच्यापुढे हाच. बनवायची रीत: साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या, शेवटचं ‘आउँ’ काढा. फिझेराउँ–फिझेर, तिवेराउँ–तिवेर, फोराउँ–फोर. करारात आणि सूचनांमध्ये पानोपानी भेटेल.

तीन, पुरुषवाचक इन्फिनिटिव्ह. स्पॅनिशला ‘पारा के’ लावून सबजंक्टिव्ह करावा लागतो. पोर्तुगीज क्रियापदाच्या मूळ रूपालाच प्रत्यय लावून मोकळं होतं: पारा ऊस क्लिएंतीस एन्विआरेंय, ‘ग्राहकांनी पाठवावं म्हणून’.

चार, ‘ए कोमिदो’चं शब्दशः ‘तेन्यु कोमिदु’ करू नका. त्याचा अर्थ ‘अलीकडे वरचेवर खातोय’. ‘पाठवलं आहे’ असं कळवायचं असेल तर साधा भूतकाळ, एन्विएइ. पत्रात हे चुकलं तर तुम्ही तीच फाइल रोज पाठवताय असं समोरच्याला वाटेल.

संबोधनाला अनोळखी अधिकाऱ्यासाठी ऊ सेन्योर, आ सेन्योरा, म्हणजे आपलं ‘आपण’. ‘व्होसे’ सहकाऱ्यांत.

आठवड्यांचा हिशोब: पहिले दोन संधी आणि शंभर छोटे शब्द. तिसरा ते सहावा रोज वीस मिनिटं ऐकणं, तीन-चार मिनिटांची एकच फीत आठवडाभर, आधी कागदाशिवाय, मग कागद धरून, शेवटी सोबत बोलत. फीत घरूनच उतरवून घ्या, गाडीत मध्येच नेटवर्क गेलं की पाऊण तास वाया. सातव्यापासून रोज एक बुला, मोठ्याने वाचून. बोलायला माणूस आठव्या आठवड्यापासून. त्याआधी बोललात तर तुम्ही स्पॅनिशच बोलाल, आणि तो सभ्यपणे समजून घेईल, हेच वाईट.

---

परळ_टीटी
पाच आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री ९.२०

धागा वर काढतोय. बारीक_अक्षर, पहिलं पत्र लिहायला घेतलंय. ‘कृपया ई-मेलला आजच उत्तर द्यावं’ असं म्हणायचं आहे. हे बरोबर आहे का?

पोर फावोर, कोन्तेस्ती ऊ ईमेल तोदाविया ओजी.

---

बारीक_अक्षर
मंगळवार, रात्री ९.४१

‘कृपया ई-मेलवर आक्षेप घ्यावा, मात्र आज.’

पोर फावोर, हेस्पोन्दा आउ ईमेल आइंदा ओजी.

पोर फावोर बरोबर आहे.